गणपूर्ती

सभा साडेसहाची. सात वाजले तरी आम्ही आठच.
नियम चार : सतरापैकी नऊ हजर नसतील तर
सभा ही सभा नसते,
वॉर्ड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर
फुकटचा पंखा खात बसलेली पोरं असतात.
(दुसरं वाक्य नियमात नाही. ते गुरव साहेबांचं.
समन्वय अधिकारी. मताचा अधिकार नाही,
चहाच्या व्हाउचरवर सही मात्र त्यांचीच.)

मी सचिव. बोलायचं कमी, लिहायचं जास्त.
वय सोळा ते पंचवीस, मुदत दोन वर्षं,
सलग तीन गैरहजेऱ्या की नाव गळतं,
बसभाडं चाळीस रुपये, तिकीट जोडल्यास.
निम्मे अर्जावरून आले, निम्मे चिठ्ठीतून.
चिठ्ठ्या काढल्या त्या गुरव साहेबांच्या जेवणाच्या डब्यातून,
म्हणून माझ्या नावाला अजून लसणीच्या चटणीचा वास आहे.
ती चिठ्ठी मी नियमावलीच्या तिसऱ्या पानात ठेवलीय,
जिथे छापलंय : समिती प्रशासनास सल्ला देईल.
देईल.
कुणी घेईल, असं कुठे नाही.
मी शोधलं. परिशिष्टासकट.

गेल्या वर्षी अकरा सल्ले दिले.
नऊंवर शिक्का : नोंद घेतली.
दोन कुठल्या टेबलावर आहेत
ते टेबलालाच माहीत.

सात वाजून चार मिनिटांनी एल्टन आला,
मानखुर्दच्या गॅरेजातून थेट, ग्रीसच्या बोटांनी सही केली.
हजेरीपटावर नववं नाव,
काळं, जरा पसरलेलं.

विषय क्रमांक दोन. पायलीपाड्याची अभ्यासिका
रात्री आठऐवजी साडेदहापर्यंत उघडी ठेवावी.
सूचक निखत परकार
(आठनंतर तिच्या घरात शिलाई मशीन सुरू होतं,
हे मी लिहीत नाही; इतिवृत्तात घरं येत नाहीत).
अनुमोदक तन्मयी वैती.
हात वर. नऊ विरुद्ध शून्य.
अध्यक्ष भीमेशचं निर्णायक मत
याही वेळी खिशातच राहिलं.

आणि मग तन्मयीनं बाकाखालून केक काढला.
त्यावर क्रीमचे दोन आकडे : दोन, पाच.

गुरव साहेबांनी चष्मा लावला.
नियम सहा. पंचवीस वर्षे पूर्ण होताच
सदस्यत्व आपोआप संपुष्टात येईल.
टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.
नऊ वजा एक,
एवढं गणित अभ्यासिकेशिवायही जमतं.

"होताच म्हणजे कधी?" निखतनं विचारलं.
एल्टननं आईला फोन लावला, स्पीकरवर.
"रात्री नऊ वाजून गेलेले रे,
नर्सबाईची ड्यूटी बदलत होती. का? काय झालं?
जेवलास काय?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात.

"कायदा दिवस धरतो," साहेब म्हणाले, "वेळ नाही.
हा आपला माझा सल्ला."

भीमेश उभा राहिला. वीस वर्षांचा,
इस्त्री न केलेल्या शर्टातला अध्यक्ष.
"सल्ल्याची," तो म्हणाला, "नोंद घेतली."

पंखा एक फेरा फिरला असेल.
मग सगळ्यांत आधी साहेबच हसले,
चष्मा काढून, डोळे पुसत.
मी लिहिलं : ठराव मंजूर, वेळ ७.१८.
खाली लिहिलं : श्री. एल्टन घोन्साल्विस, जन्मवेळ
रात्री नऊनंतर, मातेच्या सांगण्यानुसार.
केकचं काही लिहिलं नाही.
साहेबांनी एक तुकडा डब्यातून घरी नेला.

अभ्यासिका अजून आठलाच बंद होते.
फाइल, असं कळतं, दुसऱ्या मजल्यावर पोचलीय,
म्हणजे एक मजला खाली. प्रगती कुठल्या दिशेला मोजायची
याबद्दल नियमावली गप्प आहे.

येत्या शनिवारी रिक्त जागेची चिठ्ठी निघेल.
डबा धुऊन आणा, असं मी साहेबांना सुचवलंय.
लेखी.