ऐकणावळ

तळोद्याच्या आगारात, पत्र्याच्या शेडखाली,
मी कूप नंबर सातचा खर्च मांडतो आहे.
जंगल कामगार संस्थेचा हिशेबनीस,
पगार सगळ्यांच्या नंतर.

तोडणावळ, झाडामागे.
ओढणावळ, बैलजोडीमागे, नाल्यापासून गाडीवाटेपर्यंत.
भरणावळ. वाहतूक. आगाराचा राखणदार.
करवतींचा घसारा, कानस वेगळी.
सगळ्याला घनमीटरने भागलं
की एका घनमीटरचा खर्च निघतो
आणि माझं काम संपतं,
असं मला जळगावला शिकवलं होतं.

पण साग कधी कधी आतून पोकळ निघतो.
मजुरी तेवढीच, घाम तेवढाच, घनमीटर शून्य.
शून्याने भागता येत नाही,
म्हणून त्याचा खर्च
शेजारच्या धडधाकट झाडांवर टाकायचा.
गेल्या साली अकरा निघाले तसे.

यंदा रेहमल पावरा पुढे चालला.
कुऱ्हाडीची उलटी बाजू खोडावर एकदा,
मग कमरेत वाकून बुंध्याशी पुन्हा एकदा.
कान लावून उभा राही, बिडी विझेपर्यंत.
"याच्या पोटात वारा आहे."
वनपाल आधी हसला,
मग चुन्याची फुली मारू लागला.
नऊ झाडं राहिली.

मीही कान लावला एका खोडाला.
माझंच रक्त ऐकू आलं, आणि खाली
रुतलेल्या ट्रकमागून लोटन ओरडत होता,
"आप्पा, मांगे दगड लावा!"

खतावणीत सदर नव्हतं. मी लिहिलं:
ऐकणावळ, दिवस सहा, रुपये चार हजार दोनशे.

लेखापरीक्षक धुळ्याहून आले.
दोन केळी खाल्ली, चष्मा पुसला.
हे काय?
ऐकण्याची मजुरी.
आणि काम कुठे दिसतं?
मी खिडकीतून डोंगराकडे बोट केलं.
उभं आहे ते.
उभं म्हणजे उत्पन्न नव्हे, ते म्हणाले,
आणि त्यांचं चुकत नव्हतं.
लाल शाईची रेघ.
'किरकोळ'मध्ये टाका, पाचशेच्या वर नको.

उरलेले सदतीसशे मी
कानशीत, दोरखंडात, बैलांच्या पेंडीत
थोडे थोडे मुरवले,
पोकळ झाडं मुरवत आलो तसे.
बेरीज जुळली. पहिल्यांदाच
जुळलेल्या बेरजेची मला लाज वाटली,
मग वाटेनाशी झाली.

रेहमल संध्याकाळी आला.
नोटा न मोजता बंडीच्या खिशात घातल्या,
अंगठा उठवला, शाई केसांना पुसली.
जाता जाता बोटाच्या पेराने
टेबलावर टकटक केलं, थांबला,
पुन्हा केलं, थोडं खाली.

"उजवा पाय गेलाय, साहेब. वाळवी."

तेव्हापासून मोठी खतावणी
मी डावीकडे ठेवतो.