अंबर, न.

देवळीच्या पुढे, नाल्यापलीकडे, खादीची जुनी शेड.
मी शब्द गोळा करत होतो,
गुंफाबाई उमाटे सूत.

अंबर म्हणजे काय, विचारलं.
तिनं हात न थांबवता हनुवटीनं दाखवलं:
हा. चार चात्यांचा.
याची दोरी उंदरानं कुरतडली, ते लिवा.

माझ्या पिशवीत कोश होता, म्हणून मी शहाणा होतो.
वाचून दाखवलं:
अंबर, नपुंसकलिंगी. आकाश. वस्त्र.
क्वचित कापूस.
म्हणजे जे पांघरायचं आणि ज्याच्याखाली निजायचं
त्या दोन्हींना कुणीतरी एकच नाव दिलं,
बहुतेक पुसातल्या रात्री, उघड्यावर,
पहिलं अपुरं पडलं तेव्हा.

जुन्या गणितात अंबर म्हणजे शून्य,
हे तिला सांगितलं नाही.
शेजारी हजेरीचं रजिस्टर उघडं होतं.

अरबांचं अंबर वेगळं, गुंफाबाई. माशाच्या पोटातलं.
ते तिला ठाऊक होतं. गिरडच्या उर्सात
एका अत्तरवाल्यानं मनगटावर बोट टेकवलं होतं,
लग्नाच्या आधीच्या साली.
मासा? वास तं चांगला होता, बापा.

आणि हा तुमचा चरखा?
याचं नाव दूर दक्षिणेतल्या एका माणसाच्या नावाचा तुकडा,
त्या माणसाचं नाव देवाचं,
आणि तो देव म्हणे आंब्याच्या एकट्या झाडाखालचा.
एवढा कोश हिंडून शब्द
शेवटी कैरीपाशी येऊन बसला.

म्हंजे तुमाले बी मालूम नाई, ती म्हणाली,
आणि हसताना तिसऱ्या चातीवरचा धागा तुटला.
चिमटीत पीळ देऊन तिनं तो सांधला.
मी वाकून पाहिलं. सांधा सापडला नाही.

मग वरच्याला काय म्हणता?
तिनं दारातून मान बाहेर काढली.
मार्गशीर्षातलं कोरं निळं,
पार टेकडीच्या मागपर्यंत.
आज आभाय नाई, म्हणाली.

खरंच. मूळ शब्द अभ्र, म्हणजे ढग.
पुस्तकांत ढगाचं आकाश होऊन शेकडो वर्षं झाली,
इथे ढग अजून ढगच आहे,
आणि तो नसला की वर जे उरतं
त्याला हाक मारायची कुणाला गरज पडलेली नाही.

कार्डावर लिहिलं: आभाय. ढग. देवळी तालुका.
त्याखाली, तिनं पुन्हा आठवण केली म्हणून:
अंबरची दोरी उंदरानं कुरतडली आहे.