खिंडीच्या अलीकडे

मार्चचा शेवटचा आठवडा आम्ही स्वतःसाठी राखून ठेवला होता.
अख्खा हिवाळा पाहुण्यांच्या पुढे चालायचं,
त्यांच्या दमाने थांबायचं, त्यांच्या घड्याळाने जेवायचं,
त्यांचे फोटो काढायचे, आणि आपण कायम फोटोबाहेर.
या वेळी चौघंच. मुश्नी, त्याची बहीण इआमझे,
नुकतं एकोणिसावं लागलेला ओतिआ, आणि मी.
आदिशी गावाच्या वर, गुराख्यांचं एक दगडी खोपट,
पत्र्याची शेगडी, आणि खिंडीपलीकडच्या उतारावर
या वर्षी अजून कुणाचीच रेघ नाही,
असं मुश्नी फेब्रुवारीपासून सांगत होता.

स्कीच्या पोटाला चिकटवायची जी केसाळ पट्टी असते
तिला आम्ही कातडीच म्हणतो.
पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही.
पहिल्या रात्री तुळईला आठ कातड्या वाळत टांगल्या.
इआमझे म्हणाली, खाटकाचं दुकान झालंय.

सकाळी दार उघडलं तर बाहेर काहीच नव्हतं.
म्हणजे अंधारही नव्हता.
दुधात बुडवलेल्या कापडासारखं एक पांढरं,
दाराला लागून.
माझ्या मनगटावर उंचीचं घड्याळ आहे, हवेचा दाब मोजणारं.
ते म्हणालं, रात्रीतून खोपट चाळीस मीटर वर चढलंय.
दुसऱ्या सकाळी नव्वद.
आम्ही पत्ते खेळत बसलेलो,
खोपट बिचारं एकटंच खिंडीकडे निघालेलं.

वाट बघायची, दुसरं काय.
पण बघायला वाट तरी दिसावी लागते.
माथ्यावर खायचा म्हणून आणलेला मधाचा केक
दुसऱ्याच रात्री संपला.
कुणी कापला ते कुणीच कबूल केलं नाही.
सुरी मात्र धुतलेली होती.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास
ढगाला एक भोक पडलं, त्यातून खिंड दिसली,
कुणीतरी बोलावून पुन्हा आत जावं तशी.
तेवढ्यावर निघालो.
पाहुणे असते तर मुश्नीने दारातूनच मान हलवली असती.
पाहुणे नव्हते.

खिंड दोनशे मीटर उरली असेल.
पायाखाली, कुणी आतून दार लावून घ्यावं
तसा आवाज आला. धप्प.
माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर
डावीकडे पळत गेली आणि धुक्यात शिरली.
हलायचं नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.
वारा कानटोपीच्या नाड्या वाजवत होता.
बऱ्याच वेळाने मुश्नी म्हणाला,
"डोंगर कुठे पळून जात नाही."
इआमझे म्हणाली,
"हे वाक्य आपण साठ युरोला विकतो, दादा."
आणि आम्ही हसलो, जागेवरच, खांदे न हलवता.

मग एकेकाने मागे फिरायचं, मध्ये पन्नास पावलं ठेवून.
आमच्याच चढणीच्या खुणा तोवर पुसून गेल्या होत्या.
खाली आणि वर यांचा रंग एकच.
ओतिआ पुढे. तो बर्फाचे गोळे करून समोर फेकायचा.
गोळा हवेत थांबला तर तिथे जमीन आहे, जा.
गोळा गेला तो गेलाच, तर थांब.
दोन तास एवढीच भाषा होती:
"आहे."
"आहे."
"नाही. उजवीकडे."

गावात पोचलो तेव्हा ओतिआची आई
गाईला चारा घालत होती. हातमोजे काढ, म्हणाली.
आणि पुन्हा चाऱ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी अर्थातच लख्ख.
खिडकीतून खिंड इतकी जवळ की हात लावावा.
उतार तसाच कोरा, कुणाचीच रेघ नाही.
मुश्नी पाठ करून बसला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.
मी घड्याळ पाहिलं.
गाव रात्रीतून साठ मीटर खाली उतरलं होतं.

ओतिआ लाकडं आणायला अंगणात गेला.
उंबऱ्यावर थबकला, वाकला,
उन्हात चमकणाऱ्या त्या ओळखीच्या अंगणात
एक गोळा फेकला,
तो कुठे थांबतो ते पाहिलं,
आणि मगच पाय टाकला.