तेवीस पट्टे

वॉल्सॉल. फेब्रुवारीतला कोरडा दिवस, तोही एकच.
मागच्या अंगणात टेबल, टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर तेवीस पट्टे. कुत्र्यांचे.
शेजारच्या डोरीन टिमिन्सच्या नवऱ्यानं चाळीस वर्षं जमवले,
तळघरात प्लास्टिकच्या डब्यात गच्च बंद केले
आणि ऑक्टोबरात तो वारला.
डबा परवा उघडला. आत पांढरी लव.

"जाईल का गं हे?" तिनं कुंपणावरून विचारलं.
जाईल, म्हटलं. घाई केली नाही तर.

तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ.
बुरशी घरात झटकू नये, ती मरत नाही, खोली बदलते.
मऊ ब्रश, आपल्यापासून लांब,
झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून केस सारावेत तसा.
राखाडी पूड उडाली, पितळेच्या पट्टीवर नाव आलं:
टॉप्सी. खाली गल्लीचं नाव, जी आता नाही.

मग अर्धं पाणी, अर्धं स्पिरिट.
आधी बकलामागं, कुणाला दिसणार नाही तिथं, एक ठिपका.
रंग सुटला तर हात आवरायचा.
फडकं ओलं नको, ओलसर.
टाक्यांच्या खाचेत कापसाची काडी.
आठवा पट्टा बोटांना लाल भुगा लावू लागला.
ही बुरशी नव्हे, हे वय. त्याला पाणी दाखवायचं नाही.
कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

नवव्यावर थांबले.
एका इंचात दहा टाके,
दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर.
माझा आज्जा इतकं बारीक शिवत नसे.
मोटेला जाड वादी लागते.
पण आरी तो अशीच धरत असणार, अंगठा असाच दाबून.
त्यानं शिवलेली मोट दिवसातून शंभरदा विहिरीत उतरायची.
तो काठावरही जायचा नाही.

बाप शाळेत दाराशी बसायचा.
मास्तर म्हणत, वास येतो.
बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा.
बापानं तो वास जन्मभर घासला,
कोपरापर्यंत, दगडानं सुद्धा,
आणि मला विमानात बसवताना एवढंच म्हणाला:
काहीही कर बाई, कातड्याला हात लावू नकोस.

इथं ह्या गावात त्याच वासाला
काचेची पेटी आहे, मंद दिवा आहे,
शाळेची पोरं रांगेनं हुंगायला येतात.

डोरीन चहा घेऊन आली.
पट्टे सावलीत मांडलेले, पंख्यासमोर. हीटरजवळ नाही, तडकतात.
तिनं टॉप्सीचा पट्टा उलटा केला.
आतून काळपट, चकचकीत.
"हे राहिलं की."
ते पुसायचं नाही, म्हटलं. ती मान आहे.
ती बराच वेळ अंगठा फिरवत बसली.
चहा निवला.

संध्याकाळी फडकी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली.
पट्ट्यांना सुती पिशवी, वरचं कपाट, सिलिकाच्या पुड्या.
तळघर नाही, डोरीन. पुन्हा नाही.

हात धुवायला हवेतच, बुरशी होती.
साबण घेतला.
एकदाच धुतले.