मिठाला जागणं

पहाटे तीनला आमचं वॉशिंग मशीन गात नाही.
धुणं संपलं की त्याला एक धून वाजवायची असते,
ती बंद कशी करायची
ते हान-ग्योलने नवव्या वर्षीच शोधून काढलं.
आम्हाला वाटलं, मशीन बिघडलंय.
दुरुस्तीवालाही येऊन गेला.

आता तो तेरा वर्षांचा. मिसरूड फुटतंय.
मोक्पोतल्या या अकराव्या मजल्यावर
हिवाळाभर जमीन आतून गरम असते;
तिच्यावर चादर पसरून, शेजारी उकिडवा बसून
तो उजाडायची वाट बघतो.

मी काय काय केलं ते सांगून टाकते.
सहानंतर पाणी बंद केलं.
धाकट्या सो-दामचं कोरडं अंथरूण दाखवलं,
"बघ, ही पाच वर्षांची."
त्या रात्री तो झोपलाच नाही
आणि सकाळी मी म्हटलं, "जमलं की नाही?"
अजून पोटात कालवतं.

डॉक्टर बांग आधी माझ्याशी बोलल्याच नाहीत.
खुर्ची त्याच्याकडे वळवून विचारलं,
"जाग येते, की ओलं झाल्यावर कळतं?"
"तेव्हाही नाही," तो बुटांना म्हणाला.
मग त्यांनी कागदावर एक मेंदू काढला, बटाट्यासारखा,
खाली एक पिशवी, मधे लांबलचक रेघ.
"रात्री इथून निरोप निघतो: आता कमी कर, आता ऊठ.
तुझा निरोप्या अजून रमतगमत येतोय.
हा आळस नाही. दिवसा पाणी भरपूर पी.
पोट रोज साफ होतं?"
त्याचे कान लाल.
"घरात आणखी कुणाला होतं असं?"
मी नाही म्हटलं.
नवराही नाही म्हणाला, जरा जास्तच लवकर.

घंटा आणली. चड्डीला चिकटवायची,
थेंब पडला की कोकलते.
पहिल्या रात्री सगळे उठलो:
मी, नवरा, सो-दाम,
गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बेटावरून आलेले सासरे,
बहुतेक दहावा मजलासुद्धा.
हान-ग्योल सोडून.
त्याला हलवून उठवावं लागलं.

सासरे काठी टेकत आले,
दुखरा पाय लांब करून खाली बसले.
"आमच्या वेळी घंटा नव्हती. सूप होतं.
अंथरूण भिजवलं की आई ते डोक्यावर घालायची,
हातात वाडगा: जा, शेजारून मीठ मागून आण.
सगळ्या गल्लीला कळायचं.
आमचं घर मिठागरावरचं,
मिठाची पोती छतापर्यंत रचलेली,
आणि मी निघालोय मूठभर मीठ मागायला!
शेजारीण भाताच्या पळीने सुपावर फटका मारायची,
मग मीठ घालायची.
माणसं मिठाला जागतात म्हणे.
मी इतकं मीठ आणूनही जागलो नाही,
चौदावं सरेपर्यंत."

"लोक हसायचे?" हान-ग्योलने विचारलं.
"सगळे. शेजारणीची कुम-रे तेवढी नाही.
गेल्याच आठवड्यात तिच्या डोक्यावर सूप होतं."
"मग?"
"मग काय. तुझी आजी ती."

नवरा भिंतीकडे बघत होता.
"अकरापर्यंत," तो म्हणाला. कुणालाच नाही.
सोळा वर्षांच्या संसारात
हे मला त्या रात्री कळलं,
ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात,
एक त्याच्या.

वसंतात शाळेची सहल आहे, ग्योंगजूला, तीन रात्री.
डॉक्टरांनी तेवढ्यापुरती गोळी दिलीय,
ती घेतल्यावर पाणी जेमतेम घोटभर, हे बजावून.
जायचं की नाही ते तो ठरवेल.
अजून ठरवलेलं नाही.
कॅलेंडरवर खुणा तोच करतो,
कोरड्या रात्रींच्या नव्हे,
घंटा ऐकून आपणहून उठला त्या रात्रींच्या.
या महिन्यात चार.

काल पहाटे साडेतीनला
मशीनने धून वाजवली.
कुणी बंद करायला धावलं नाही.
मी अंधारात ऐकत पडले.
ती इतकी लांब आहे,
मला माहीतच नव्हतं.