उलटी बाजू

साखर पेठेत दुपारी तीनला
पत्रा तापून कडकड बोलतो.
खाली आठ मागांचा खटका,
वर मी, आणि फोनमधल्या
लाल-हिरव्या कॅन्डल.

एका सिमेंट कंपनीत अडकलेय.
एकोणीस हजार. घरात कुणाला माहीत नाही.
चार्टवर मला कप दिसला होता, कानासकट.
आता बघते तर कान मीच काढलेला:
रेघ आधी, ठिपके मागून.
वर सहा रंगांच्या सहा रेषा,
एक नाही म्हणाली की दुसरीला विचारायचं,
कुणीतरी हो म्हणेपर्यंत.

नायना जिना चढून आले.
राजेशम येमूल. एकतीस वर्षं
चादरीच्या नक्षीसाठी आलेखाचे कागद भरले.
भरलेली चौकट म्हणजे उचललेला धागा,
रिकामी म्हणजे दबलेला.
शेअर बाजार त्यांना ठाऊक नाही,
बाजार म्हणजे मंगळवार बाजार.
चष्मा पुसून त्यांनी फोन घेतला.
"कुणाची डिझाईन गं ही?"
"डिझाईन नाही नायना, भाव आहे."
"मग यात मोर कशाला शोधतेस?"

मी चिडले. दोन बोटांनी चित्र ताणून दाखवलं,
बघा, इथून वळतोय, इथून वर जाणार.
"ताणू नको," ते म्हणाले,
"उभ्या-आडव्या धाग्यांच्या हिशोबानं चौकोन लागतो.
माप बिघडलं की मोराचं बदक होतं,
आणि विणकराला शेवटच्या कार्डापर्यंत
कळत नाही."

मग खालच्या बुटक्या काड्यांवर बोट:
"या कसल्या?"
"किती सौदे झाले त्या."
"वर एवढी उडी, आणि खाली काड्या नाहीतच की.
माग वाजतोय, कापड कुठंय?"

मी काही बोलले नाही.
त्यांनी कपाटातून ट्रेसिंगचा कागद काढला,
जुना, कडा पिवळ्या पडलेला,
काचेवर ठेवून पेन्सिलीनं भाव गिरवला,
आणि खालची कड धरून पालथा घातला.
"आता सांग. हे दुसऱ्या कुणाचं आहे असं समज."

मी पटकन म्हणाले,
"हा तर चढतोय. अजून चढणार,
यात वळायचं काहीच चिन्ह नाही."

म्हणाले, आणि
जीभ टाळ्याला चिकटली.

नायना हसले नाहीत.
खिडकीत उभं राहून म्हणाले,
"दोनशे बारा नंबरच्या कार्डाला
माझ्या हातून एक भोक जास्त पडलं होतं.
मोराचा डोळा चोचीत गेला. बेचाळीस चादरी.
मालकानं पगार कापला, एक चादर घरी आणली.
कागद मी चारदा तपासला होता, पोरी.
चारही वेळा बरोबर दिसला.
मोर कसा असतो ते मला माहीत होतं ना."

तीन वाजून सव्वीस.
शेवटची कॅन्डल अजून थरथरत होती,
लाल, मग हिरवी, मग लाल.
सकाळी अशाच एका थरथरत्या हिरवीवर
भुलून मी आणखी पन्नास घेतले होते.
विणून न झालेल्या ओळीवर.

मी विकलं.
बोट घामानं दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा लागलं.

दुसऱ्या दिवशी तो शेअर चार रुपये चढला.
मी नायनांना सांगितलं, थोडं लागेल असंच.
शेंगाचटणीत तेल कालवत ते म्हणाले, "मग?"

त्या मगचं उत्तर
मी वहीत लिहायला घेतलं, जमलं नाही.
नुसती तारीख लिहिली, आकडा लिहिला,
आणि समोर: कान मी काढला होता.

रात्री गच्चीवर झोपलो.
पहाटे जरा गार झालं तशी
पायाशी घडी घातलेली जुनी चादर ओढली,
आणि चोचीत डोळा असलेला मोर
अंगावर घेऊन
साडेसातपर्यंत झोपले.