आरपार

मंगळवारी बसच्या टपावरून पोतं उतरतं.
तीन किलो, मिसळीचे मणी:
अकीक, गोमेद, जमुनिया, यशब, स्फटिक.
नावं चिठ्ठीवर असतात,
पोत्यात नुसता खळखळाट.

पंचफुला उईके सूप ओढते,
तांदूळ पाखडावा तसे पाखडते मणी
आणि निवडता निवडता आपली नावं ठेवते.
हा वांग्याचा.
हा अंबाडीच्या फुलातला मधला डाग.
ही तुरीची डाळ, सालासकट.
हा मोहाच्या लाकडाचा निखारा, विझायच्या जरा आधीचा.
हा...
"हा कोनाचाच नाही वो, राहू द्या बाजूले."
कोणाचेच नसलेले मणी एका बशीत साठतात.

मी गटाची वही लिहिते.
रकान्यात जमुनिया मांडते, तोंडानं वांगं म्हणते.
वजन दोन्हीकडे सारखंच भरतं.

मागच्या महिन्यात नागपूरहून माळ परत आली,
एक्केचाळीस नंबर.
सोबत कागद: मणी एकसारखे नाहीत.
पंचफुलेनं माळ उजेडाला धरली,
उलटी केली, सुलटी केली.
"काहून वो, दगडाले काय साचा असते?"
आणि अशी हसली
की मांडीवरचा सगळा डाव ओसरीभर.
दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी रांगत होतो.
एक मणी अजून सापडलेला नाही.
कोंबडीवर संशय आहे.

गावाच्या वरच्या अंगाला रिठ आहे.
कोण राहत होतं, कधी उठून गेलं,
कोणाच्या आज्यालाही ठाऊक नाही.
वखर फिरला की तिथली राखाडी माती वर येते,
तिच्यातून खापरं, कधी हाड, कधी बांगडीचा तुकडा.
बादल तिकडे शेळ्या नेतो.
परवा तो थेट ओसरीवर आला,
गाल फुगलेला. तळहातावर थुंकला
तो लाल मणी, पोटाला पांढरा पट्टा.
"खिसा फाटका हाय," म्हणाला.

पंचफुलेनं पदराला पुसला.
दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून घातलं.
अडलं.
दुसऱ्या बाजूनं घातलं.
अडलं.
सुई घेतली. तीही अडली,
दोन्हीकडून जवळपास तेवढीच आत जाऊन.
तेव्हा तिनं मणी डोळ्याशी नेला, उन्हाकडे तोंड केलं,
आणि मग न बोलता माझ्या हातात दिला.

दगड पेटलेला. आत दोन वाटा,
एक इकडून निघालेली, एक तिकडून,
आणि मधोमध, तिळाएवढ्या अंतरानं,
एकीला दुसरी दिसलीच नाही.

"आदी घासला त्यानं," पंचफुला म्हणाली,
"पाय ना कसा गुळगुळीत हाय. मंग भोकाले बसला."
"कोण?"
"ज्यानं फेकला तो."
बोटानं ती पांढरा पट्टा चाचपत राहिली,
जसा एखाद्या लेकराचा ताप बघावा.
"दोन दिवस तरी जेवला नसन."

मी म्हटलं, तालुक्याला मशीन आहे,
मिनिटात आरपार करून देतील.
तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
बादल म्हणाला, मले पाह्यजे,
चांदनीच्या गळ्यात बांधतो.
"भोक नाही तं बांधशीन कसा रे?"
पण काळा दोरा तिनं तोवर घेतलाच होता हातात.
गाठीवर गाठ, गाठीवर गाठ,
मण्याभोवती जाळी विणली, चिमणीच्या घरट्याएवढी बारकी नाही,
पण तशीच, आतल्याला न टोचणारी.
वरून फासा.

वहीत काय लिहू, विचारलं.
रंग? वजन? माळेचा नंबर?
"लिहू नोको."
मी तरी तारीख टाकली, पुढचं कोरं ठेवलं.

आता चांदणी सकाळी आमच्या दारावरून जाते.
गळ्यात घुंगरू, घुंगराशेजारी तो.
दिवसभर रिठावर चरते,
ऊन उतरलं की खाली येते.
पंचफुला सुपातून मान वर करते,
मोजल्यासारखं एकदा बघते,
आणि परत वांगी निवडायला लागते.